साहेबाचं नाव आणि सहा नंबरचा बोगदा

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रूळ दिसला की नजर आधी दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर जाते. चौतीस वर्षं रेल्वेत पी-वेला, म्हणजे रुळांच्या देखभालीच्या खात्यात काढली, त्यातली निम्मी कर्जत-लोणावळा घाटात. गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेलो होतो. जावई म्हणाला, "बाबा, कुठे जायचं सांगा. लास व्हेगास? डिस्नेलँड?" मी म्हटलं, "सॅक्रामेंटो." हिने कपाळाला हात लावला.

स्टॅनफर्ड हे नाव आपल्याकडे विद्यापीठामुळे घरोघरी माहीत. ते एका रेल्वेवाल्याने काढलं, हे मला लेक तिकडे गेल्यावर कळलं. लीलंड स्टॅनफर्ड म्हणजे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा संस्थापक-अध्यक्ष, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आणि पुढे सिनेटर. अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणाऱ्या लोहमार्गाचा शेवटचा खिळा ठोकण्याचा मान त्यालाच मिळाला. म्हटलं, त्याची रेल्वे निघाली त्या सॅक्रामेंटोपासून एवढ्या मोठ्या साहेबाला एकदा जवळून बघू या.

पहिला दिवस : सॅक्रामेंटो

फ्रीमाँटहून सकाळची कॅपिटल कॉरिडॉर पकडली. बऱ्याच अंतरापर्यंत गाडी खाडीच्या कडेकडेने जाते, मग मार्टिनेझचा मोठा पूल लागतो. डाव्या हाताची खिडकी धरा. हिने खिडकीशी बसून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोरच्या बाईंनी वासावरून विचारपूस केली, एक धपाटं खाल्लं आणि पाणी मागितलं.

जुनं सॅक्रामेंटो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. लाकडी फळ्यांचे फुटपाथ, नदीकाठ, गोळ्या-चॉकलेटांची दुकानं. इथेच नदीजवळ, फ्रंट आणि के रस्त्यांच्या नाक्यावर, 8 जानेवारी 1863 रोजी गव्हर्नर स्टॅनफर्डने कामाचं भूमिपूजन केलं. कंपनीचा अध्यक्षही तोच! एका हाताने मागायचं आणि दुसऱ्या हाताने मंजूर करायचं.

मुळात हा वकील. 1824 साली न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ जन्म, बाप खानावळ चालवायचा. विस्कॉन्सिनमध्ये वकिली मांडली, तर 1852 साली कार्यालय पुस्तकांसकट जळालं. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात होते, त्यांच्या मागोमाग हाही आला आणि सोन्याच्या खाणींवरच्या लोकांना किराणा-सामान विकू लागला. पुढे कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर हे आणखी तीन व्यापारी भेटले आणि जून 1861 मध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनी उभी राहिली. चौघांपैकी एकालाही रुळाचं काम ठाऊक नव्हतं. ते होतं थिओडोर जूडा या इंजिनिअरला. सिएरा नेवाडा पर्वतातून वाट त्याने शोधली, नकाशे त्याने काढले, वॉशिंग्टनला खेपा त्याने घातल्या. मग चौघांशी त्याचं बिनसलं. दुसरे भांडवलदार शोधायला तो पूर्वेकडे निघाला, पनामाच्या वाटेवर पीतज्वर झाला आणि नोव्हेंबर 1863 मध्ये गेला. सदतीस वर्षांचा होता. त्याचं स्मारक जुन्या सॅक्रामेंटोत आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या सावलीत एक कुटुंब आइस्क्रीम खात बसलं होतं.

रेल्वे संग्रहालयात शिरल्यावर थोड्याच वेळात 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' समोर येतं. सेंट्रल पॅसिफिकचं एक नंबरचं इंजिन. फिलाडेल्फियात बनलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून जहाजाने इथे आलं. त्याच्याभोवती सिएराचा देखावा उभा केलाय : खडक, बर्फ, घण उचललेले चिनी कामगारांचे पुतळे. मी वाकून रूळ बघत होतो तेवढ्यात एक स्वयंसेवक आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, रेल्वेतूनच निवृत्त झालेले.

"इंजिनवाले का?"

"नाही, ट्रॅकवाला."

त्यांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हं, खरंय." पुढचा अर्धा तास आम्ही गेज, चढ आणि खडी यांवर बोललो. आमच्या भोर घाटात, म्हणजे कर्जत-लोणावळ्याच्या घाटात, 37 फुटांना एक फूट चढ आहे म्हटल्यावर त्यांनी शीळ घातली. यांच्या सिएरात जास्तीत जास्त मैलाला 116 फूट, म्हणजे साधारण 45 ला एक. घाट आमचा अवघड, हे त्यांनी मान्य केलं. "पण बर्फ?" त्यांनी विचारलं. तिथे मी गप्प.

त्यांनीच मला थॉमस हिलच्या भल्यामोठ्या चित्रासमोर नेलं. 10 मे 1869, युटातलं प्रॉमंटरी, शेवटचा खिळा. मधोमध स्टॅनफर्ड, भोवती सत्तरएक ओळखू येणारे चेहरे. आजोबा बोटाने दाखवत गेले : हा हंटिंग्टन, त्या दिवशी तिथे नव्हताच. हा हॉपकिन्स, नव्हता. हा क्रॉकर, नव्हता. हा जूडा, मरून साडेपाच वर्षं झालेली. चित्र काढायला स्टॅनफर्डनेच सांगितलं होतं, पण पुरं झाल्यावर त्याने ते घेतलं नाही. आणि ज्यांनी रूळ टाकले ते चिनी? आजोबांनी कडेला कुठेतरी बोट नेलं.

खिळ्याची गंमतही ऐकण्यासारखी आहे. सोन्याचा खिळा ठोकायचा नव्हताच, सोनं मऊ. रुळाखालच्या लॉरेल लाकडाच्या खास स्लीपरला आधीच भोक पाडून ठेवलं होतं, त्यात तो नुसता सोडला. खरा शेवटचा खिळा लोखंडी. त्याला तारायंत्राची तार जोडलेली, म्हणजे घाव पडला की देशभर कळावं. साहेबांनी घण उचलला, हाणला आणि नेम चुकला असं सांगतात. तारवाल्याने तरीही 'झालं' असा संदेश पाठवून दिला. उद्घाटनं मीही पुष्कळ पाहिलीत, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही.

दुपारी आठव्या आणि एन रस्त्यांच्या नाक्यावरचा स्टॅनफर्डचा वाडा बघितला. (फेरी गाइडबरोबरच होते. वेळ आधी बघून जा, सरकारी समारंभ असला की बंद असतो.) जानेवारी 1862 मध्ये शपथविधीच्या दिवशी शहरात पूर आला होता. गव्हर्नरसाहेब होडीतून शपथ घ्यायला गेले आणि परतताना वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरले. पुढे त्याने अख्खं घर एक मजला उचलून घेतलं.

गाइड मुलगी छान बोलत होती. जेवणघरात थांबून म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर 1868 मध्ये यांना मुलगा झाला. काही आठवड्यांनी मेजवानी ठेवली. वाढपी झाकलेलं चांदीचं ताट घेऊन आला, टेबलाच्या मध्ये ठेवलं, झाकण काढलं. आत फुलांवर निजलेलं बाळ. ताट पाहुण्यांपुढून एकेक करत फिरवलं.

ही पटकन म्हणाली, "दृष्ट लागेल ना हो अशाने!" मराठीत म्हणाली, पण गाइडला सूर कळला असावा. ती जरा थांबली.

दुसरा दिवस : सिएरा

जावयाने गाडी काढली. सॅक्रामेंटोतून बाहेर पडल्यावर सात-आठ मैलांत एक ओढा लागतो, आर्केड क्रीक. आजूबाजूला सपाट शेतजमीन आणि घरं. पण सरकारदरबारी सिएरा पर्वत सुरू होतो तो इथे! सपाटीवर मैलाला 16,000 डॉलरचे सरकारी रोखे मिळायचे आणि डोंगरात 48,000. मग राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाकडून पर्वताचा पायथा या ओढ्यापाशी आहे असा निर्वाळा मिळवला आणि लिंकनने तो मानला. पायथा खरा सुरू होतो तो पुढे कितीतरी मैलांवर. मोजमापाच्या वहीत एखादा मीटर इकडचा तिकडे करणारे कंत्राटदार मी पाहिलेत. पर्वत सरकवणारा पहिलाच.

ऑबर्नला ब्लूमर कट बघायला थांबलो : 800 फूट लांब, मध्ये 60 फुटांहून खोल चर. कठीण चिकटलेल्या गोट्यांच्या थरातून पहारी आणि सुरुंगाच्या दारूने खोदलेला. भिंती आजही जवळजवळ सरळ उभ्या आहेत, वर जाळी नाही, काँक्रीट नाही. ही म्हणाली, "खड्डाच आहे की." काय सांगणार!

कोलफॅक्सच्या पुढे डोंगराच्या कुशीवरून रूळ वळसा घेतात, ते केप हॉर्न. चिनी कामगारांना टोपल्यांत बसवून कड्यावरून सोडलं आणि त्यांनी सुरुंग लावले, अशी गोष्ट तिकडे सगळीकडे सांगतात. त्या काळच्या कागदांत टोपल्यांचा पुरावा सापडत नाही. मला विचाराल तर कमरेला दोर बांधून उतरले असतील. घाटात दरड काढताना आमची माणसंही तशीच उतरायची.

सूचना : डोनर खिंडीकडे जाताना मोठा आय-80 महामार्ग सोडून सोडा स्प्रिंग्जपासून जुना रस्ता धरा. ऑक्टोबरातसुद्धा कानटोपी आणि चांगला टॉर्च हवाच. मी फक्त कानटोपी नेली होती. बोगदे रेल्वे कंपनीच्या जागेत आहेत, मनाईची पाटी दिसली तर आत शिरू नका. पायात जाड तळव्याचे बूट घाला, आत खडी आणि फुटक्या काचा दोन्ही आहेत.

सॅक्रामेंटोहून शंभरएक मैलांत रूळ सात हजार फूट चढतात. वर पोचलो तेव्हा ऊन होतं, पण वारा असा की बोलताना दात वाजत होते. खाली डोनर तळं निळं, समोर नुसता पांढुरका ग्रॅनाइट.

सहा नंबरचा बोगदा 1,659 फूट लांब. 1993 पासून यातून गाडी जात नाही, रूळ काढलेत. तोंडापाशी पोरांनी रंगाने भिंती भरवल्यात. पन्नास पावलांवर अंधार सुरू झाला आणि जावयाच्या मोबाइलच्या उजेडात मला ती खोबण दिसली. भिंतीत करंगळी बसेल एवढी अर्धगोल नाळ, हातभर लांब. सुरुंगाच्या भोकाचा उरलेला अर्धा भाग. एकाने पहार धरायची, फिरवत राहायचं आणि दोघांनी आळीपाळीने घण घालायचा. मी बोट घालून बघितलं. आतून गुळगुळीत. अशा खोबणी मग जिथे तिथे दिसायला लागल्या, शेकड्यांनी.

दिवसाला जेमतेम फूट-दोन फूट काम पुढे सरकायचं. काळ्या दारूने भागेना, म्हणून नायट्रोग्लिसरीन तिथल्या तिथे बनवून वापरलं. दोन्ही तोंडं कमी पडली म्हणून मध्ये वरून विहीर खणली आणि आतून दोन्हीकडे खोदत निघाले, म्हणजे एकाच वेळी चार ठिकाणी काम. 1867 च्या ऑगस्टमध्ये टोकं भिडली तेव्हा चूक निघाली दोनेक इंचांची. दोन इंच! लेसर नाही, काही नाही. 1866-67 च्या हिवाळ्यात 44 वादळं आली आणि माणसं बर्फाखाली भुयारं करून त्यातूनच कामावर ये-जा करत राहिली.

विहिरीखाली मोबाइल बंद पडला. आम्ही चाचपडत उभे असताना मागून एक मोठा टॉर्च आला. सत्तरीचे चिनी वंशाचे गृहस्थ आणि त्यांची नात. सॅक्रामेंटोचे. पणजोबा या कामावर होते असं घरात सांगतात, म्हणाले. कागद काही नाही. बाहेर येऊन खडकावर बसलो, त्यांनी थर्मासमधून चहा दिला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. हिने शहाण्या मुलासारखा प्यायला आणि बदल्यात धपाटं दिलं. तिखटाचं त्यांना काहीच वाटलं नाही.

चहावरूनच त्यांनी सांगितलं : आमचे लोक उकळलेला चहा सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पिंपांतून कावडीने कामावर नेत. गोरे कामगार ओढ्याचं पाणी पीत आणि जुलाबाने आडवे होत. चिन्यांना महिना साधारण 31 डॉलर, पुढे 35, आणि जेवण स्वतःचं. गोऱ्यांना त्याहून जास्त, वर जेवण फुकट. जून 1867 मध्ये याच डोंगरात हजारो चिन्यांनी काम थांबवलं. 40 डॉलर द्या, बोगद्यात तास कमी करा. दंगा नाही, आरडाओरडा नाही, तंबूंत बसून राहिले. क्रॉकरने धान्य पोचवणं बंद केलं. आठवडाभरात संप संपला.

आणि स्टॅनफर्ड? 1862 च्या शपथविधीच्या भाषणात तो म्हणाला होता की आशिया आपल्या लोकसंख्येचा गाळ आमच्या किनाऱ्यावर पाठवतो. तीन वर्षांनी त्याच माणसाने राष्ट्राध्यक्षांना अहवाल पाठवला : चिनी मजूर शांत, सोशिक, कष्टाळू आहेत, यांच्यावाचून पश्चिमेकडचं काम वेळेत पुरं होणं अशक्य आहे. ऐन भरात कामावर दहा-बारा हजार चिनी होते, दहातले नऊ. पगाराच्या वहीत नाव असायचं ते टोळीच्या मुकादमाचं, पैसे एकगठ्ठा त्याच्या हातात. या हजारो माणसांपैकी एकाचंही घरी लिहिलेलं पत्र आजवर सापडलेलं नाही.

28 एप्रिल 1869 रोजी एका दिवसात दहा मैल 56 फूट रूळ टाकले, तो विक्रम रेल्वेत सगळ्यांना माहीत असतो. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश माणसांची नावं नोंदलेली आहेत. खिळे ठोकणाऱ्या, खडी दाबणाऱ्या चिन्यांची नाहीत. मस्टर मी चौतीस वर्षं भरलंय. नाव लिहायला किती शाई लागते?

बोगद्याच्या पलीकडे दरीवर एक दगडी भिंत आहे, चायना वॉल म्हणतात. चुना-सिमेंट न घालता दगडावर दगड बसवलेला. सव्वाशे वर्षं तिने गाड्यांचा भार वाहिला. एकही दगड हललेला मला दिसला नाही, आणि हे मी कौतुकाने नाही, तपासून सांगतोय.

तिसरा दिवस : ट्रकी, आणि परत

ट्रकीतल्या मुक्कामी खोलीचा घोळ झाला. आमचं बुकिंग पुढच्या महिन्याचं निघालं. चूक कुणाची यावर बरीच चर्चा होऊन शेवटी एक खोली मिळाली, चौघांना. सकाळी काचेवर बर्फाची पापडी होती. न्याहारीला बटाटे-अंडी. गावाचा मुख्य रस्ता देखणा, मधूनच मालगाडी जाते आणि हातातला कप थरथरतो. याच गावाने 1886 मध्ये चिनी वस्ती बहिष्कार टाकून उठवली.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले. मीही.

चौथा दिवस : पालो आल्टो

विद्यापीठाला तिथे अजून 'फार्म' म्हणतात, कारण ते स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या शेतावर उभं आहे. आठ हजारांहून जास्त एकर. जमीन विकायची नाही ही देणगीतली अटच. लाल रंगाचा जुना तबेला अजून आहे. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हे साहेबाला बघायचं होतं. जून 1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावून इथेच ते दाखवून दिलं. सुटतात. पुढे स्टॅनफर्डने त्या चित्रांवर दुसऱ्याकडून पुस्तक लिहवून छापलं आणि मायब्रिजचं श्रेय गाळलं. तो कोर्टात गेला आणि हरला. मी हिला म्हटलं, "बघ, परत तेच." ती म्हणाली, "तुम्ही आता भांडायलाच आलाय."

विद्यापीठाच्या कँटर संग्रहालयात सोन्याचा खिळा आहे. (सोमवार-मंगळवारी बंद. खिळा कधीकधी दुसऱ्या प्रदर्शनाला जातो, आधी चौकशी करा.) बोटभर लांब, चारही बाजूंनी अक्षरं कोरलेली. काम पुरं झाल्याची तारीख कोरलीय 8 मे. प्रत्यक्षात समारंभ झाला दहाला, कारण थकलेल्या पगारासाठी कामगारांनी पूर्वेकडून रूळ टाकत आलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या बड्या साहेबाची गाडी वाटेत अडवून ठेवली होती. या खिळ्यावर मजुरांची खूण असेल तर ती एवढीच, चुकलेली तारीख.

मग मुलाच्या वस्तू बघितल्या. चांदीच्या ताटातलं ते बाळ, लीलंड ज्युनिअर. पोराला जुन्या वस्तू जमवायचा नाद होता, घरातच स्वतःचं संग्रहालय मांडलं होतं. आईबापांबरोबर युरोपात फिरताना विषमज्वर झाला आणि 13 मार्च 1884 रोजी फ्लॉरेन्समध्ये गेला. सोळा पुरी व्हायला दोन महिने होते. यापुढे कॅलिफोर्नियाची मुलं ती आपली मुलं, असं स्टॅनफर्ड बायकोला म्हणाला असं सांगतात. 1885 मध्ये विद्यापीठ स्थापन केलं, 1 ऑक्टोबर 1891 ला उघडलं. सुरुवातीला फी नव्हती, आणि मुलीही पहिल्या दिवसापासून होत्या. आजही संस्थेच्या पूर्ण नावात 'ज्युनिअर' आहे.

ही काचेपुढे बराच वेळ उभी होती. माझी वादाची सगळी तयारी तिथे सैल पडली, हे कबूल करतो. माणूस एक आणि त्याच्याबद्दल मत एक, असं जमेना.

झाडीत तिघांची समाधी आहे, दाराशी स्फिंक्स. 21 जून 1893 ला तो गेला, तेव्हा सिनेटर होता. लगेच केंद्र सरकारने रेल्वेला दिलेल्या कर्जापोटी दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. बायको जेनने घरखर्च आवळून विद्यापीठ चालू ठेवलं आणि 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तिचा 1905 साली होनोलुलूत विषाने मृत्यू झाला, तो कुणी केला हे आजतागायत ठरलेलं नाही. खरं तर तिच्यावर वेगळा लेख हवा. आमच्या भोर घाटाचं कंत्राटही नवरा वारल्यावर अ‍ॅलिस ट्रेडवेल नावाच्या बाईनेच पुरं करून घेतलं होतं, ते आठवलं.

शेवटची सूचना : परतताना पालो आल्टो स्टेशनच्या उत्तरेला ओढ्यापर्यंत चालत जा. तिथे रुळाला अगदी खेटून हजार वर्षांहून जुना रेडवूड उभा आहे. गावाला नाव त्याच्यावरून मिळालं आणि विद्यापीठाच्या मुद्रेवरही तोच आहे. आता शेजारून कॅलट्रेनच्या विजेच्या गाड्या जातात. वर 25,000 व्होल्टची तार, आपल्यासारखीच.

गाडी येताना दिसली तसा मी झाडाखाली जाऊन उभा राहिलो आणि हिला म्हटलं, सगळं येऊ दे. तिने मोबाइल वर धरला, आणखी वर धरला, आणि काढला. घरी येऊन बघितलं. झाड शेंड्यापर्यंत आलंय, गाडी आलीय, तारही आलीय. खाली कडेला माझी कानटोपी तेवढी दिसते.